सीरियल किलर काही काळात आणि काही प्रदेशांतच अधिक का आढळले?

गुन्हेगारीवरचे माहितीपट पाहणाऱ्यांच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. माहितीपट कोणीही काढलेला असो, त्यातली कथा बहुधा १९७० किंवा १९८०च्या दशकातली असते आणि बहुधा अमेरिकेतली असते. लांबलचक मोटार, रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून उभी असलेली तरुणी, टंकयंत्रावर अहवाल बडवणारा पोलीस अधिकारी आणि एकामागून एक सापडणारे मृतदेह. त्या काळाला काही जण चक्क ‘सुवर्णकाळ’ म्हणतात. शब्द किळसवाणा आहे, परंतु त्यामागचे निरीक्षण खोटे नाही. एकच माणूस वर्षानुवर्षे माणसे मारत राहतो, अशा घटना सर्वत्र आणि सर्व काळी सारख्या प्रमाणात घडलेल्या नाहीत. त्या काही दशकांत आणि काही प्रदेशांत दाटीने आढळतात. असे का, या प्रश्नाची चर्चा अलीकडे पुन्हा रंगली आहे, कारण त्याला एक नवा संशयित मिळाला आहे: हवेतले शिसे. त्या संशयिताकडे आपण वळणार आहोत, मात्र जरा उशिराने. आपण नेमके काय मोजतो आहोत हे आधी ठरवणे भाग आहे.

## सीरियल किलर म्हणायचे कोणाला?

एका माणसाने एकाच वेळी गर्दीवर गोळीबार करून दहा जणांना ठार केले, तर तो सीरियल किलर ठरत नाही. सीरियल किलर तो, जो वेगवेगळ्या प्रसंगी, मध्ये दिवसांचे, महिन्यांचे किंवा वर्षांचे अंतर ठेवून खून करतो आणि त्या मधल्या काळात बहुधा चारचौघांसारखा जगतो. युद्धात किंवा टोळीयुद्धात झालेल्या हत्या साधारणपणे या मोजणीत धरल्या जात नाहीत.

किती खून झाले म्हणजे ‘मालिका’ म्हणायची, याचे उत्तर मात्र बदलत आले आहे. अमेरिकेच्या १९९८च्या एका कायद्यात ही संख्या तीन होती. २००५ साली एफबीआयने सॅन अँटोनिओ येथे भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत ती दोनवर आणली गेली. हा फरक दिसायला किरकोळ असला तरी त्यामुळे एकाही नव्या गुन्ह्याशिवाय यादी लांब होते. ही कल्पना तशी जुनीच आहे. १९३० साली बर्लिनचे पोलीस अधिकारी अर्न्स्ट गेनाट यांनी ड्युसेलडॉर्फमधील खूनसत्राविषयी लिहिताना ‘मालिका-खुनी’ अशा अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता. इंग्रजी शब्द सर्वतोमुखी झाला तो १९७०च्या दशकानंतर, म्हणजे नेमका ज्या काळाबद्दल आपण प्रश्न विचारतो आहोत त्याच काळात. हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

## आकड्यांची रेघ कशी चढली आणि कशी उतरली

जगभरातील अशा गुन्हेगारांची सर्वांत मोठी नोंदवही अमेरिकेतील रॅडफर्ड विद्यापीठात सुरू झाली. तीत नोंदलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश एकट्या अमेरिकेतील आहेत. अमेरिकेपुरते पाहिले, तर १९६०च्या दशकापासून संख्या झपाट्याने चढते, १९८०च्या दशकात सातशेच्या वर जाऊन शिखर गाठते आणि त्यानंतर उतरत उतरत २०१०च्या दशकात त्या शिखराच्या एक-चतुर्थांशाहूनही खाली येते.

याच काळात अमेरिकेतील एकूण खुनांचे प्रमाणही असेच चढले आणि उतरले. १९६० साली दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ५ खून होत. १९८० साली हे प्रमाण १०च्या वर गेले. २०१०च्या दशकाच्या मध्याला ते पुन्हा ५च्या आसपास होते. याचा अर्थ, सीरियल किलरांची लाट ही कोरड्या जमिनीवर अचानक उसळलेली नव्हती, तर ती हिंसेच्या मोठ्या भरतीवर स्वार झालेली होती. या भरतीत तिचा वाटा तसा फारच लहान होता. एफबीआयच्या मते सीरियल किलरांनी केलेले खून एकूण खुनांच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. भीतीचा वाटा मात्र त्याहून कितीतरी मोठा असतो.

प्रदेशांच्या तुलनेत एक सापळा आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर अमेरिकेत अलास्का हे राज्य फार वर दिसते. परंतु जेथे वस्तीच विरळ आहे, तेथे मोजके गुन्हेगारही सरासरी भलतीच फुगवतात. दहा मुलांच्या वर्गात दोन नापास झाले म्हणून त्या शाळेत वीस टक्के मुले ढ आहेत असा निष्कर्ष आपण काढत नाही. येथेही काढू नये.

## हा सगळा मोजणीचाच खेळ तर नाही?

हा आक्षेप रास्त आहे. रक्ततपासणी सर्वत्र पोचली की मधुमेही एकदम वाढल्यासारखे दिसतात, कारण पूर्वीचे रुग्ण निदान न होताच जगत आणि मरत होते. खुनांचेही काही अंशी तसेच आहे. संबंधित खून एकाच माणसाने केले आहेत हे ओळखण्यासाठी शवविच्छेदन, लेखी नोंदी, त्या नोंदी पडताळणारे पोलीस आणि बातमी छापू शकणारी वृत्तपत्रे, एवढे सगळे लागते. जेथे यांपैकी काही नाही, तेथे सीरियल किलर नसतो असे नाही. तेथे केवळ सुटे सुटे मृत्यू असतात.

सोव्हिएत संघाचे उदाहरण येथे बोलके आहे. असे गुन्हे ही भांडवलशाही समाजाची सडण आहे, अशी तेथील अधिकृत भूमिका होती. त्यामुळे रोस्तोव्ह परिसरात रेल्वेमार्गालगतच्या झाडीत स्त्रियांचे आणि मुलांचे मृतदेह सापडत असतानाही लोकांना उघडपणे सावध केले गेले नाही. आंद्रेई चिकातिलो हा माणूस स्थानकांवर, बसथांब्यांवर आणि लोकल गाड्यांत सावज हेरत १९७८ ते १९९० अशी बारा वर्षे खून करत राहिला. १९९२ साली ५२ खुनांबद्दल त्याला दोषी ठरवण्यात आले. त्याच्या पहिल्या खुनाबद्दल अलेक्सांद्र क्रावचेंको या दुसऱ्याच माणसाला १९८३ साली मृत्युदंड दिला गेला होता. ‘आमच्याकडे असे घडत नाही’ असे सांगणाऱ्या देशाची आकडेवारी किती विश्वासाने घ्यायची, हे यावरून समजावे. म्हणून अमेरिकेच्या दोन-तृतीयांश वाट्यातील मोठा भाग तेथील नोंदी, पत्रकारिता आणि संशोधन यांच्या मुबलकतेचा आहे, असे मानायला जागा आहे.

तरीही सगळे श्रेय किंवा दोष मोजणीच्या माथी मारता येत नाही. मोजणी सुधारल्यामुळेच संख्या वाढली असती, तर १९९०नंतर, संगणक आणि डीएनए चाचण्या आल्यावर, ती आणखी वाढायला हवी होती. झाले उलटे.

## फट असेल तेथून वारा शिरतो

काळ थोडा मागे नेला तर चित्र अधिक स्वच्छ होते, कारण तेव्हाचे सीरियल किलर आजच्या कल्पनेतल्यासारखे नव्हतेच. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये अशा खुनांचे नेहमीचे हत्यार होते सोमल, म्हणजे आर्सेनिक. आणि ते हाताळणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा लक्षणीय होता. उंदीर मारण्यासाठी सोमल सहज आणि स्वस्तात मिळे. त्याने होणाऱ्या उलट्या-जुलाबांची लक्षणे पोटाच्या साथीच्या आजारांसारखी असत, आणि त्या काळी अशा आजारांनी माणसे रोजच दगावत. त्यात गरीब कुटुंबांसाठी मृत्यूनंतर रक्कम देणारे छोटे विमे आले. मेरी अ‍ॅन कॉटन या स्त्रीच्या घरातून पती, मुले आणि सावत्र मुले अशी एकामागून एक प्रेते निघाली तरी बराच काळ कोणाला विशेष वाटले नाही. १८७३ साली तिला फाशी झाली ती एका सावत्र मुलाच्या खुनाबद्दल. तिच्या नावावर एकवीसपर्यंत मृत्यू असावेत असा संशय घेतला जातो.

ही विषप्रयोगांची लाट ओसरली कशी? १८३६ साली जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने शरीरातील सोमल ओळखण्याची खात्रीची चाचणी शोधली. १८५१ साली कायदा होऊन सोमल विकणाऱ्याला खरेदीदाराची नोंद ठेवणे आणि पांढऱ्या भुकटीत काजळी किंवा नीळ मिसळणे बंधनकारक झाले, जेणेकरून ती पिठात किंवा साखरेत खपू नये. या उपायांनंतरही कॉटन सापडायला दोन दशके गेली, यावरून फटी बुजायला किती वेळ लागतो ते दिसते. पण त्या बुजत गेल्या. इंग्लंडमधील सुनांचा, सासवांचा किंवा सावत्र आयांचा स्वभाव या काळात मुळापासून सुधारला, असे कोणी म्हणणार नाही.

अमेलिया डायर हिचेही तसेच. अविवाहित मातेच्या वाट्याला येणाऱ्या बदनामीमुळे पैसे देऊन तान्हे मूल कोणाच्या तरी हवाली करण्याची तेव्हा पद्धत होती. डायर वृत्तपत्रात जाहिरात देऊन अशी मुले घेई, पैसे ठेवून घेई आणि मुलांना मारून टाकी. १८९६ साली थेम्स नदीत सापडलेल्या एका अर्भकामुळे ती पकडली गेली आणि फासावर गेली. पुढच्याच वर्षी अर्भक-संरक्षणाचा कायदा कडक झाला. आज तिच्यासारखी गुन्हेगार त्या देशात होणे जवळजवळ अशक्य आहे. अशी मने जन्माला येत नाहीत असे नव्हे, पण तो धंदाच उरलेला नाही.

पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत फट वेगळी होती. उपासमार, चलनवाढ, आणि गावोगावहून कामाच्या शोधात निघालेली पोरकी मुले यांनी हॅनोव्हरचे रेल्वे स्थानक भरलेले असे. फ्रिट्झ हार्मान तेथे जाऊन अशा मुलांना जेवणाचे किंवा निवाऱ्याचे आमिष दाखवी. तो स्वतः पोलिसांचा खबऱ्या होता, त्यामुळे स्थानकात त्याचा वावर खटकत नसे. १९२४ साली २४ खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली.

या तिन्ही उदाहरणांत गुन्हेगार अगदी निराळे आहेत, हत्यारे निराळी आहेत, हेतूही निराळे आहेत. समान आहे ती परिस्थिती: सावज सहज हाती येते, त्याच्या मृत्यूने कोणी चमकत नाही आणि मृत्यूंना जोडणारा धागा कोणाच्या हाती नसतो. माझ्या मते एखाद्या काळात किंवा प्रदेशात सीरियल किलर का वाढले हे समजून घेण्यासाठी, तेथे किती विकृत माणसे जन्मली यापेक्षा या तीन गोष्टी किती प्रमाणात एकत्र आल्या हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

## ज्यांच्या नाहीसे होण्याची दखल घेतली जात नाही

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ स्टीव्हन एगर यांनी अशा बळींसाठी एक शब्दप्रयोग रूढ केला. त्याचा भावार्थ ‘कमी मेलेले’ असा. समाजाच्या हिशेबी ही माणसे आधीच अर्धी नाहीशी झालेली असतात, म्हणून त्यांचा मृत्यू पूर्ण मृत्यू म्हणून नोंदलाच जात नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, घरातून पळालेली मुले, रस्त्यावर झोपणारे, स्थलांतरित मजूर, व्यसनाधीन, एकटे वृद्ध.

गॅरी रिजवेने सिअ‍ॅटलच्या परिसरात १९८२ पासून ज्यांना मारले, त्यांत बहुसंख्य अशा तरुणी होत्या. ४९ खुनांचा गुन्हा त्याच्यावर सिद्ध झाला. त्याने पुढे सांगितले की त्यांच्या बेपत्ता होण्याची तक्रार लवकर होणार नाही, किंवा होणारच नाही, हे जाणूनच तो त्यांना निवडत असे. वर्णद्वेषी राजवट नुकतीच संपलेल्या दक्षिण आफ्रिकेत मोझेस सिथोलेने १९९४-९५ मध्ये नोकरीच्या शोधातील स्त्रियांना कामाचे आमिष दाखवून निर्जन जागी नेले. ३८ खुनांबद्दल त्याला २,४१० वर्षांची शिक्षा झाली. यादवीने पोळलेल्या कोलंबियात लुइस गारावितोने १९९०च्या दशकात शंभराहून अधिक मुलांना मारल्याची कबुली दिली. ही मुले बहुतेक गरीब घरांतली होती, कित्येक रस्त्यावर वस्तू विकणारी होती. मुंबईत १९६०च्या दशकात रमण राघवने ज्यांचा जीव घेतला, ते पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेले लोक होते. १९६८ साली पकडला गेल्यावर त्याने सुमारे ४० खुनांची कबुली दिली. चार खंडांतील ही चार माणसे एकमेकांसारखी मुळीच नाहीत. राघव तर गंभीर मनोरुग्ण होता आणि त्यामुळेच पुढे त्याची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. परंतु त्यांच्या बळींची यादी एकाच वहीतून उतरवल्यासारखी आहे.

आता यावर कोणी म्हणेल, की सुस्थितीतील लोकही अशा गुन्ह्यांना बळी पडतातच की. पडतात. इंग्लंडमधील हाइड गावचा डॉक्टर हॅरोल्ड शिपमन याच्या रुग्णांत चांगल्या घरच्या, नातेवाईक असलेल्या वृद्ध स्त्रियाच अधिक होत्या, आणि अधिकृत चौकशीत त्याने १९७५ ते १९९८ या काळात २१५ रुग्णांना मारल्याचा निष्कर्ष निघाला. पण येथेही फट तीच आहे. म्हातारे माणूस गेले आणि त्याच्या डॉक्टरनेच दाखल्यावर सही केली, तर संशय घ्यायचा कोणी?

## पाच ग्रंथालये आणि एक वाचक

समजा एखादा वाचक पाच वेगवेगळ्या ग्रंथालयांचा सभासद आहे आणि प्रत्येक ठिकाणाहून तो एकेक पुस्तक नेऊन परत करत नाही. प्रत्येक ग्रंथपालाच्या वहीत एकच हरवलेले पुस्तक दिसेल आणि तो ते विसरून जाईल. पाचही वह्या शेजारी ठेवल्या, तरच चोर दिसेल. एगर यांनी पोलिसांच्या याच अवस्थेला ‘दुव्याबाबतचे आंधळेपण’ म्हटले.

अमेरिकेत पोलीस दल एक नाही. शहरांची, तालुक्यांची आणि राज्यांची मिळून हजारो स्वतंत्र दले आहेत. त्यातच १९५६च्या कायद्यानंतर देशभर रुंद महामार्गांचे जाळे पसरले आणि कोणालाही एका रात्रीत दोन-तीन पोलीस हद्दी ओलांडणे सोपे झाले. टेड बंडीने वॉशिंग्टन, युटा, कोलोराडो आणि शेवटी फ्लोरिडा अशा राज्यांत खून केले. कागदपत्रे मात्र त्या त्या राज्याच्या कपाटात राहिली. गुन्हेगार मोटारीने फिरत होता आणि माहिती टपालाने. हिंसक गुन्ह्यांची देशपातळीवर पडताळणी करणारी एफबीआयची संगणकीय योजना सुरू झाली ती १९८५ साली.

देश लहान असला की हे टळते असे समजू नये. उत्तर इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० या काळात १३ स्त्रियांना मारले. त्या दरम्यान पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. त्या नऊ भेटींच्या नोंदी कार्डांच्या अशा प्रचंड ढिगात होत्या की एका कार्डाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. शिवाय एका तोतयाने पाठवलेल्या ध्वनिफितीमुळे तपास भलत्याच बोलीच्या माणसामागे धावला. शेवटी तो सापडला मोटारीच्या खोट्या क्रमांकपट्टीमुळे. या फजितीनंतर ब्रिटिश पोलिसांनी मोठ्या तपासांसाठी एकसारखी संगणक प्रणाली आणली.

## पण माणसेच वेगळी घडली असतील तर?

येथवर आपण संधीबद्दल बोललो. संधी सर्वांना असते, खून मात्र एखादाच करतो. मग त्या पिढीतच काही बिघडले होते का, हा प्रश्न उरतो.

शिशाचा सिद्धान्त येथे येतो. इंजिनाचा खडखडाट टाळण्यासाठी १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाऊ लागले. धुरातून ते हवेत आणि मातीत, तेथून मुलांच्या शरीरात गेले. शिसे वाढत्या मेंदूला, विशेषतः आवेग आवरणाऱ्या भागाला, इजा करते, याबद्दल वैद्यकात मतभेद नाहीत. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यापासून शिसेविरहित पेट्रोल आले, आणि ती मुले मोठी होईपर्यंत म्हणजे १९९०च्या दशकात गुन्हे घटू लागले. या युक्तिवादाची अलीकडची आवृत्ती वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहराकडे बोट दाखवते. तेथे तांबे वितळवणारा एक मोठा कारखाना १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत शिसे आणि सोमल ओकत होता. बंडी याच शहरात लहानाचा मोठा झाला आणि रिजवे तेथून फार दूर नव्हे.

मला हा सिद्धान्त आकर्षक वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. पावसाळ्यात छत्र्याही वाढतात आणि बेडूकही. म्हणून छत्र्यांतून बेडूक निघतात असे होत नाही. टॅकोमाच्या त्याच हवेत हजारो मुले वाढली आणि ती सुतार, परिचारिका, शिक्षक झाली. शिसेयुक्त पेट्रोल युरोपात आणि जपानमध्येही जळत होते, तेथे अशी लाट उसळली नाही. शिसे आणि गुन्हेगारी यांवरच्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांना परिणाम असल्याचे दिसले, पण तो आधी सांगितला जात होता त्याहून बराच कमी. शिवाय शिशाचा दोष आवेग न आवरण्याचा. रागाच्या भरात चाकू काढणाऱ्याला तो लागू पडावा. हाताला खोटे प्लास्टर बांधून, मदत मागण्याचे नाटक करत तासन्‌तास सावज शोधणाऱ्या बंडीला तो कितपत लागू पडतो? हिंसेची एकूण भरती वाढवण्यात शिशाचा हात असू शकेल. या विशिष्ट गुन्हेगारांचे कोडे त्याने सुटत नाही.

दुसरा सिद्धान्त वडिलांचा आहे. १९७०-८०च्या दशकांत खून करणारे अनेक जण १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५०च्या दशकापर्यंत जन्मले होते, आणि त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धातून मिटल्या तोंडाने आणि आतून मोडून परतले होते, असे काही इतिहासकार सुचवतात. मारझोड, दारू आणि अबोला यांचे बालपणावर होणारे घाव खरे असतात. परंतु जर्मनी, पोलंड, रशिया आणि जपान येथील घरांनी युद्ध कितीतरी जवळून पाहिले होते, त्यामुळे हा एकच धागा ओढून अमेरिकेचे वेगळेपण हाती येत नाही. महायुद्धानंतर जन्मदर वाढल्यामुळे तरुण पुरुषांची संख्या वाढली हेही खरेच, कारण बहुतेक सीरियल किलर पहिला खून विशीच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर करतात. मात्र खुनांचे प्रमाण दर लाख लोकांमागेच दुप्पट झाले होते. केवळ डोकी वाढल्याने तसे होत नाही.

थोडक्यात, ही कारणे जळण वाढवणारी आहेत. ते जळण अमेरिकेत नेमके अशा दशकांत साचले, जेव्हा महामार्ग होते पण कॅमेरे नव्हते, अनोळखी मोटारीत बसण्याची रीत रुळली होती पण खिशात दूरध्वनी नव्हता, घर सोडून निघालेली तरुण मुले रस्तोरस्ती होती आणि त्यांना शोधणारी दले एकमेकांशी बोलत नव्हती. युरोपात यांपैकी काही गोष्टी होत्या. सगळ्या एकाच वेळी, एवढ्या अफाट भूभागावर, अमेरिकेतच आल्या.

## मग ते कमी कसे झाले?

येथे एक खेळातले उदाहरण देतो. विषय पाहता ते थोडे विचित्र वाटेल, पण नेमके आहे. एखाद्या हंगामात शतके घटली, तर फलंदाज वाईट निघाले असेच नसते. गोलंदाज त्यांना वीस-पंचवीस धावांतच बाद करत असतील. ज्याला पहिल्या खुनानंतरच अटक होते, तो कितीही भयंकर असला तरी सीरियल किलरांच्या यादीत येत नाही.

अ‍ॅलेक जेफ्रीझ यांनी १९८४ साली लेस्टर येथे डीएनए-ठशांचे तंत्र शोधले. रिजवेच्या लाळेचा नमुना पोलिसांनी १९८७ मध्येच घेतला होता. तो कपाटात पडून राहिला आणि तंत्र पुढे गेल्यावर, २००१ साली, त्याच नमुन्याने त्याला पकडून दिले. कॅलिफोर्नियात १९७०-८०च्या दशकांत खून आणि बलात्कार करणारा माजी पोलीस जोसेफ डीअँजेलो २०१८ साली सापडला, तो वंशावळ शोधणाऱ्या लोकांनी एका संकेतस्थळावर ठेवलेल्या डीएनए माहितीतून, दूरच्या नातेवाइकांच्या मार्गाने. दरम्यान देशपातळीवरचा डीएनए-संग्रह १९९८ पासून कामाला लागला होता.

शिक्षाही लांबल्या. एड केंपरने पंधराव्या वर्षी आजी-आजोबांना मारले होते. पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याला सोडण्यात आले आणि १९७२-७३ मध्ये त्याने आणखी आठ जणींना मारले, त्यांपैकी सहा अंगठा दाखवून मोटार थांबवणाऱ्या किंवा लिफ्ट स्वीकारणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. आर्थर शॉक्रॉसने १९७२ साली दोन मुलांना मारले, १९८७ साली तो सुटला आणि लगेच रॉचेस्टर परिसरात ११ स्त्रियांचे खून केले. लांब शिक्षांच्या धोरणाने अमेरिकेचे तुरुंग अन्यायकारक म्हणावे इतके भरले, हे मान्य करूनही असे दुसरे डाव कमी झाले, हे नाकारता येत नाही. शिवाय लोकांनीही सवयी बदलल्या. अनोळखी मोटारीत बसणे जवळजवळ संपले, मुले एकटी फिरेनाशी झाली, आणि पुढे मोबाइलमुळे प्रत्येकाची वाट मागे खुणा सोडत जाऊ लागली; गुन्हेगाराचीही.

एक आक्षेप हमखास येतो: हीच माणसे आता शाळांत आणि बाजारांत गोळीबार करत नाहीत कशावरून? दोन्ही प्रकारांत माणसे मरतात, एवढ्याने ते एकाच झाडाची फळे ठरत नाहीत. सामूहिक गोळीबार करणाऱ्याला बहुधा एकदाच, सर्वांसमोर, स्वतःचा शेवट ठरवून सूड उगवायचा असतो. सीरियल किलरला पकडले जायचे नसते. त्याला उद्याही तेच करायचे असते. एकाची जागा दुसऱ्याने घेतली, असे म्हणण्याइतके साम्य दोघांच्या वागण्यात दिसत नाही.

## म्हणजे आता ते फारसे उरले नाहीत?

या प्रश्नाचे ‘हो’ असे उत्तर देण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, अलीकडच्या दशकांची यादी नेहमीच अपुरी असते, कारण मालिका उघडकीस यायला कधी दहा, कधी चाळीस वर्षे लागतात; डीअँजेलोच्या शेवटच्या ज्ञात खुनाला तो सापडला तेव्हा ३२ वर्षे उलटली होती. दुसरी अधिक अस्वस्थ करणारी आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ९० टक्क्यांहून अधिक खुनांचा छडा लागल्याची नोंद होई. अलीकडच्या काही वर्षांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास घसरले. न उलगडलेल्या खुनांच्या त्या ढिगात कोणाचे किती खून एकत्र पडले आहेत, हे त्या पाच ग्रंथालयांच्या वह्या शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. आणि ज्या मृत्यूंची नोंद खून म्हणून झालीच नाही, ते तर त्या ढिगातही नाहीत.

सॅम्युएल लिटल याचे प्रकरण म्हणूनच महत्त्वाचे आहे. १९७० ते २००५ या काळात, अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भटकत, त्याने ९३ खून केल्याचे कबूल केले. २०१९ साली एफबीआयने त्याला देशाच्या इतिहासातील सर्वाधिक बळी घेणारा सीरियल किलर म्हटले. तो या काळात अनेकदा वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी अटकेत आला आणि सुटला. त्याचे बळी बहुतेक कृष्णवर्णीय, गरीब, परिघावर जगणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि तो गळा दाबून मारत असल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकींच्या मृत्यूची नोंद अमली पदार्थांचा अतिरेक, अपघात किंवा ‘कारण अनिश्चित’ अशी झाली होती. तुरुंगात त्याने त्यांचे चेहरे आठवून रंगवले आणि एफबीआयने ती चित्रे लोकांसमोर ठेवली, कोणी तरी ओळखेल या आशेने. २०२० साली तो मेला, तेव्हा त्यांतल्या कित्येक चेहऱ्यांखाली नावाऐवजी फक्त शहर आणि अंदाजे वर्ष लिहिलेले होते.